खऱ्या शून्याचा शोध

उष्णतामापकातील पारा वीस अंशांवरून चाळीस अंशांवर चढला, तर उष्णतामान दुप्पट झाले असे म्हणता येईल काय? अंकगणित होकार देते. निसर्ग मात्र नकार देतो. हीच दोन उष्णतामाने फॅरनहाइटच्या पद्धतीने ६८ आणि १०४ अंश भरतात, आणि दुपटीचे नावही उरत नाही. ज्या मापाचे गुणोत्तर मापकागणिक बदलते, त्या मापाचा आरंभच कोठेतरी चुकलेला असतो.

हा आरंभ म्हणजे शून्य. फॅरनहाइटने १७२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य मानले. स्वीडनमधील सेल्सियसने १७४२ मध्ये उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर अंश दिले. पुढे काही वर्षांतच हा क्रम उलटा करण्यात आला. जे शून्य इतक्या सहजपणे वरून खाली आणता येते, ते निसर्गाचे नव्हे, माणसाच्या सोयीचे होय. डोंगराची उंची प्रत्येकाने आपापल्या घराच्या ओट्यापासून मोजावी, तसाच हा प्रकार होता.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. पाऱ्याचा व मद्यार्काचा असे दोन मापक शून्यावर आणि पन्नासावर अचूक जुळवून घेतले, तरी मधल्या अंशांवर त्यांचे एकमत होत नाही. कारण प्रत्येक द्रव आपल्या स्वभावानुसार प्रसरण पावतो. मग खरे उष्णतामान कोणाचे मानावे?

वायूंनी या कोड्याची पहिली दिशा दाखविली. अठराव्या शतकाच्या प्रारंभी पॅरिसच्या आमाँताँने पाहिले होते की, हवा थंड होऊ लागली की तिचा दाब ठरावीक प्रमाणात घटतो. १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने निरनिराळे वायू जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात हे दाखविले. पुढील मोजमापांनी हे प्रमाण दर अंशाला शून्य अंशावरील आकारमानाच्या सुमारे २७३ व्या भागाइतके ठरविले. याचा अर्थ उघड होता: उणे २७३ अंशांच्या आसपास या उताराला शेवट असला पाहिजे. तथापि वायू हाही अखेर एक पदार्थच. आणि खरे वायू हा नियम तंतोतंत पाळीत नाहीत.

पदार्थापासून माप मुक्त करण्याचे कार्य विल्यम थॉमसनने केले. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये असे प्रतिपादिले होते की, आदर्श उष्णतायंत्राची शक्ती त्यात वाफ आहे की हवा यावर अवलंबून नसते. ती केवळ दोन टोकांच्या उष्णतामानांवर अवलंबून असते. कार्नो १८३२ मध्ये कॉलऱ्याने वारला, तेव्हा त्याच्या ग्रंथाची फारशी कोणी दखल घेतलेली नव्हती. ग्लासगो येथील चोवीस वर्षांच्या प्राध्यापक थॉमसनने १८४८ मध्ये त्याच विचारावर नवे माप उभारले. मात्र उष्णता हा अविनाशी द्रव आहे, ही जुनी समजूत त्याने अद्याप सोडली नव्हती. उष्णतेचे कार्यात रूपांतर होते, हे मँचेस्टरच्या जूलने प्रयोगांनी पटविल्यानंतर थॉमसनने आपले माप बदलले. १८५४ च्या सुधारित पद्धतीत आदर्श यंत्राने घेतलेल्या व टाकलेल्या उष्णतांचे गुणोत्तर हेच उष्णतामानांचे गुणोत्तर ठरले. थॉमसन १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन झाला, आणि मापाला तेच नाव मिळाले.

या मापाने वीस अंश म्हणजे २९३ केल्व्हिन, आणि चाळीस अंश म्हणजे ३१३. वाढ दुपटीची नव्हे, अवघी सात टक्क्यांच्या आसपास. वायूचे आकारमानही, दाब तोच राहिल्यास, तेवढेच वाढते. ४०० केल्व्हिनवर उष्णता घेऊन ३०० वर टाकणारे यंत्र कितीही कौशल्याने बांधले, तरी त्या उष्णतेचा चौथा हिस्साच कार्यात उतरवू शकते. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ उलगडणारे समीकरण मांडले. त्यातही उष्णतामान निरपेक्षच घ्यावे लागते.

१९०८ मध्ये लायडन येथे कामर्लिंग ऑनेसने हेलियम द्रवरूप केला, तेव्हा खरे शून्य अवघ्या चार अंशांवर आले. तथापि ते गाठता येत नाही. प्रत्येक पाऊल पूर्वीच्या पावलाहून कठीण होत जाते.

मापासाठी शून्याखेरीज एकच स्थिर बिंदू पुरे, हे थॉमसनने १८५४ मध्येच सुचविले होते. जगाने ते शंभर वर्षांनी, १९५४ मध्ये स्वीकारले. पाणी, बर्फ आणि वाफ जेथे एकत्र नांदतात त्या बिंदूला २७३.१६ हा अंक देण्यात आला. २०१९ मध्ये हाही आधार सुटला आणि केल्व्हिनची व्याख्या बोल्ट्झमनच्या स्थिरांकावर, म्हणजे उष्णतामान व अणुरेणूंची ऊर्जा यांना जोडणाऱ्या संख्येवर, बसविण्यात आली. नवसागराच्या थंड मिश्रणापासून निघालेले हे माप अशा रीतीने कोणत्याही पदार्थाचे मिंधे राहिले नाही.