दुबईच्या खाडीचा नकाशा मुंबईकरांनी काढला, तो आता आपल्या मुलांना फुकट मिळतो

शाळेतून "यूएई हेरिटेज" किंवा "माय सिटी"चा प्रोजेक्ट आला की आपण काय करतो? अब्रा, खजूर, बुर्ज खलिफा, चार फोटो, झालं. या वेळी मुलांना जरा वेगळं काही दाखवा. त्यात आपलं मुंबईही येतं.

डिसेंबर 1819 मध्ये मुंबईहून निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने रास अल खैमा घेतलं. जानेवारी 1820 मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांशी तह झाला. त्यानंतर कंपनीला हवे होते नकाशे. अनोळखी, उथळ, खडकाळ समुद्रात गलबतं हाकायची कशी? मग मुंबई मरीनची 'डिस्कव्हरी' आणि 'सायकी' ही जहाजं मोजणीला आली. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली घ्यायची, किनाऱ्यावरच्या खुणांवरून कोन मोजायचे, आणि हे सगळं आखातातल्या हवेत! मुंबई मरीनच्या जहाजांवर कोकणातले खलाशी असत, नकाशावर मात्र नावं फक्त साहेबांची. 1822 मध्ये लेफ्टनंट गाय यांच्या देखरेखीखाली लेफ्टनंट कोगन यांनी दुबईच्या खाडीचा आराखडा तयार केला. नावात खाडीला 'बॅकवॉटर' म्हटलंय आणि दुबईचं स्पेलिंग आहे 'डिबाई'.

ही माहिती साहजिकच कंपनीची मालमत्ता. ज्या किनाऱ्याची मोजणी झाली, तिथल्या लोकांच्या हाती ती येण्याचा प्रश्नच नव्हता. काही भाग 1856 मध्ये मुंबई सरकारने भायखळ्याच्या छापखान्यात छापून घेतला, पण त्याचा वाचक कोण, तर सरकारी अधिकारी. 1873 पर्यंत आखाताचा कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर तो थेट हिंदुस्थान सरकारकडे गेला. पुढे लॉरिमर नावाच्या अधिकाऱ्याने आखाताचं प्रचंड गॅझेटियर तयार केलं. त्याचा भूगोलाचा खंड 1908 मध्ये निघाला आणि इतिहासाचा 1915 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. गावं, विहिरी, टोळ्या, बोटी, सगळ्याची नोंद! आणि हे पुस्तक 1955 पर्यंत गोपनीय. म्हणजे आपल्याच गावाबद्दल काय लिहिलंय, ते गावकऱ्याला वाचायची सोय नाही.

याने काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते असं. कंपनीच्या कागदांत या किनाऱ्याला 'पायरेट कोस्ट', चाच्यांचा किनारा, हे नाव पडलं आणि ते जगभरच्या पुस्तकांत बसलं. दीडशे वर्षं उलट तपासणी झाली नाही, कारण कागद ज्यांच्याकडे तेच साक्षीदार आणि तेच न्यायाधीश. ती तपासणी केली शारजाचे शासक शेख डॉ. सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी यांनी. त्यांनी मुंबईच्या दफ्तरखान्यातले कागद वाचले, इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठात पीएच.डी. केली आणि 1986 मध्ये 'द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ' हे पुस्तक काढलं. चाचेगिरीचा आरोप हा कंपनीच्या व्यापारी डावाचा भाग होता, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या इतिहासकारांना ते पटलेलं नाही, वाद आहेच. पण वाद तरी सुरू झाला! फक्त एक गोष्ट लक्षात घ्या: हे जमायला शासक असावं लागलं. शारजाच्या साध्या शाळामास्तराला मुंबई-लंडनच्या वाऱ्या परवडल्या असत्या का?

आता बघा. 2014 मध्ये कतार डिजिटल लायब्ररी सुरू झाली. ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे आखातविषयक कागद आणि नकाशे तिथे कुणालाही बघता येतात. लॉरिमरही आहे. यूएईच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याचं 'अरेबियन गल्फ डिजिटल आर्काइव्ह' आहे. मुंबईत तयार झालेला कागद, लंडनमध्ये ठेवलेला, कतारच्या पैशाने स्कॅन झालेला, आणि तुम्ही तो करामाच्या फ्लॅटमध्ये बसून वाचताय. गंमतच आहे. (आपल्या भारतात तर नकाशांवरचे बरेचसे निर्बंध सैल व्हायला फेब्रुवारी 2021 उजाडावं लागलं!)

सॉफ्टवेअरचंही तसंच. क्यूजीआयएस हे 2002 पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर, एक दिरहमही लागत नाही. लंडनमध्ये 2004 साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी लोकांसाठी केलेला नकाशा त्यात खाली अंथरा. वर 1822 चा आराखडा टाका. 'जिओरेफरन्सर' उघडून दोन्ही नकाशांवर सारख्या वाटणाऱ्या चार-पाच जागा जुळवा: खाडीचं तोंड, ठळक वळणं. आठवी-नववीच्या पोराला एका शनिवारी-रविवारी जमेल. डाउनलोड करताना वापराच्या अटी मात्र वाचा आणि प्रोजेक्टमध्ये मूळ संग्रहाचं नाव लिहायला लावा.

दोन्ही नकाशे तंतोतंत बसणार नाहीत. पोरं म्हणतील, "बाबा, चुकलं!" थोडी चूक जुन्या मोजणीची असेलही. पण खाडी स्वतःच बदललीय. वाळूने तोंड भरत चाललं होतं म्हणून शेख राशिद यांनी 1959 च्या सुमारास कर्ज काढून ती उपसायला सुरुवात केली, मोठी जहाजं आत यायला लागली. देराच्या बाजूला समुद्रात भर घालून जमीनही वाढवली. म्हणून जिथे रेघा जुळत नाहीत, तिथेच पोरांना थांबवा आणि विचारा, इथे काय झालं असेल?

कुणी करून पाहिलं तर स्क्रीनशॉट खाली नक्की टाका. खाडीचं तोंड जुळवताना अडलात तर तेही लिहा, बघू मिळून.