मध्यरात्रीचा तो एक क्षण

वायटूकेच्या गोष्टी आपण सगळ्यांनी सीनियर मंडळींकडून ऐकल्या आहेत. पण मेनफ्रेमवर एक त्याहून छोटा बग आहे, जो रोज रात्री येऊ शकतो. त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हा शनिवारचा उद्योग!

1979 साली आयबीएमच्या इंग्लंडमधल्या हर्स्ली लॅबमध्ये माइक कॉलिशॉ यांनी स्वतःच्या वेळात रेक्स ही स्क्रिप्टिंग भाषा लिहायला घेतली. कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कवरून सहकारी ती वापरून बघत, सूचना पाठवत आणि भाषा सुधारत जाई. 1983 मध्ये ती व्हीएम/सीएमएसबरोबर ग्राहकांपर्यंत पोचली.

आता गंमत बघा. स्क्रिप्टमध्ये एका ओळीत तारीख घेतली, पुढच्या ओळीत वेळ. दिसायला काहीच चूक नाही. पण तारीख घेतली 31 डिसेंबरच्या रात्री 11:59:59 ला, आणि वेळ घेईपर्यंत बारा वाजले तर? नोंद होते 31 डिसेंबर, 00:00:00. म्हणजे अख्खा एक दिवस मागे! आधी वेळ आणि मग तारीख घेतली तर एक दिवस पुढे. बँकेच्या व्याजाच्या हिशोबात असा दिवस गळाला तर शोधणार कुठे?

कॉलिशॉ यांनी याचं उत्तर थेट भाषेतच ठेवलं. एकाच विधानात डेट आणि टाइम कितीही वेळा बोलावा, घड्याळ एकदाच वाचलं जातं आणि सगळ्यांना तोच क्षण मिळतो. म्हणून दोन्ही एकाच विधानात घ्यायचं आणि मग तुकडे करायचे. बस्स!

याचाच भाऊबंद म्हणजे मध्यरात्रीपासूनचे सेकंद वजा करणं. जॉब 23:50 ला सुरू, 00:10 ला संपला: 600 वजा 85,800, उत्तर उणे 85,200. खरे सेकंद 1,200. त्यासाठी रेक्समध्ये वेगळं स्टॉपवॉच आहे, पण ते वापरायचं लक्षात राहायला हवं ना!

हे बग टेस्टिंगमध्ये सापडत नाहीत, कारण टेस्टिंग आपण दिवसा करतो. बॅच जॉब मात्र रात्री पळतात. आणि न्यूयॉर्कला मध्यरात्र होते तेव्हा पुण्यात सकाळचे साडेनऊ (तिकडच्या हिवाळ्यात साडेदहा) वाजलेले असतात. म्हणजे आपला पहिला चहा चाललेला असतो!

असो. भाषा जावा असो की पायथन, मुद्दा तोच. आपण दोनदा घड्याळ बघतो तेव्हा मधल्या वेळात ते थांबत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी हा विचार कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.