शाळेचे आभार मानताना साताऱ्याची आठवण



माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. परवाच्या पालक सभेत मी उठून शाळेचे आभार मानले. बाईंनी तिला वाचायला लावले म्हणून, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई सगळ्या मुलांना एकाच पंगतीत वाढतात म्हणूनही. बाहेर आल्यावर एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "आभार कसले? शिक्षण आपला हक्क आहे आणि त्यांना पगार मिळतो." मित्राचे म्हणणे खोटे नाही. पण हक्क आपल्याकडे फार आधीपासून कागदावर होता, हे तो विसरला.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळेने नाकारला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले, तरीही प्रवेश मिळालाच नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. हा दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. भाषणे प्रवेशापाशी थांबतात, पण प्रवेशानंतर काय झाले? बसायला घरून गोणपाट न्यायचे. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई जागेवर नसेल तर तहानलेले राहायचे. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. प्रवेश सरकारने दिला, पाणी मात्र शिपायाच्या हातात होते. म्हणूनच मला त्या ताईंचे नाव सभेत घ्यावेसे वाटले.

आणि पालक? रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींकडून पैसे मागून आणणारा, त्यांचे दागिने गहाण ठेवणारा हा बाप आपल्या चळवळीतला पहिला जागरूक पालक म्हणावा लागेल.

शिक्षक कोण असावा, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडला होता. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले, लोकांत मिसळणारे घ्या, त्यांना बरा पगार द्या, अशी ती मागणी. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही त्यांनी १९१९ मध्ये बंद केल्या.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे गेले, आणि बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यावर कडक टीका केली. कारण स्थानिक म्हणजे गावातले वरचढ लोक. शाळा जवळ आहे म्हणून ती आपली होत नाही, हे त्यांना साताऱ्यापासून ठाऊक होते.

आज कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बाबासाहेबांच्या काळी ही जागा आपल्याला नव्हती. आता आहे, तर आपल्यातले नोकरदार मुलांना इंग्रजी माध्यमात घालून मोकळे झालेत. (माझ्या घरातही यावरून भांडण झाले आहे.) २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची हालचाल सरकारने सुरू केली, तेव्हा गावोगावच्या समित्यांत आपले किती जण बसलेले होते?

पुढच्या महिन्यात आमच्या समितीची बैठक आहे. मी दोन विषय दिलेत: बाईंवरची शाळाबाह्य कामे आणि ताईंचे रखडलेले मानधन. त्या मित्रालाही बोलावले आहे. त्याचा मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल.