एसीटीएन-३ : पळण्याच्या बळाचं जनुक

एसीटीएन-३ हे जनुक आपल्या स्नायूंमधलं अल्फा-अ‍ॅक्टिनिन-३ नावाचं प्रथिन बनवतं. झटक्यात जोर लावणाऱ्या तंतूंमध्येच ते असतं. जनुकात एक ठरावीक बदल असला की प्रथिन बनतच नाही. आई आणि वडील, दोघांकडूनही बदललेली प्रत आली तर ते अंगात अजिबात नसतं. हा आजार नव्हे. जगात साधारण पाचात एक माणूस असा आहे, अन् त्याला पत्ताही नसतो.

प्रमाण मात्र सगळीकडं सारखं नाही. युरोपात शंभरात १८ च्या आसपास, केनिया-नायजेरियात जेमतेम १. थंड मुलखाकडं जावं तसं ते वाढतं. २०२१ च्या एका अभ्यासात पुरुषांना १४ अंशाच्या पाण्यात बसवलं, तेव्हा प्रथिन नसलेल्या गड्यांनी अंगातली ऊब जास्त टिकवली.

२००३ साली ऑस्ट्रेलियात अव्वल वेगवान धावपटू तपासले, त्यांत प्रथिन नसलेले फार कमी निघाले. तेवढ्यावरून लाळ तपासून पोराचा खेळ सांगणाऱ्या चाचण्या बाजारात आल्या. त्यावर पैसे घालण्याआधी केनियाकडं बघा. तिथं हे ‘वेगाचं’ प्रथिन जवळपास सगळ्यांकडंच आहे, आणि त्यांनी नाव कमावलं ते लांब पल्ल्याच्या शर्यतीत.