‘मूक’ म्हटलेला रोग

अंडाशयाच्या कर्करोगाला बराच काळ ‘मूक मारेकरी’ म्हटले जाई. अमेरिकन विनोदी अभिनेत्री गिल्डा रॅडनर यांना १९८६ साली कित्येक महिने थकवा व इतर तक्रारी होत्या. निदान झाले ऑक्टोबरमध्ये. १९८९ साली, ४२व्या वर्षी त्या वारल्या. मग हा रोग खरोखर मूक होता का?

२००४ साली सिएटलच्या बार्बरा गॉफ व सहकाऱ्यांनी या रोगाच्या रुग्णांची इतर स्त्रियांशी तुलना केली. पोट फुगणे, ओटीपोट दुखणे, लघवीची घाई या तक्रारी दोन्हीकडे आढळल्या. पण रुग्णांमध्ये त्या नव्याने सुरू झालेल्या होत्या आणि वारंवार होत होत्या. फरक तक्रारीत नव्हता, तिच्या वारंवारतेत होता.

सर्वच स्त्रियांची चाचणी केली तर? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर रक्ततपासणी आणि सोनोग्राफीचा प्रयोग झाला. २०२१ साली निष्कर्ष आला: मृत्यू घटले नाहीत.

म्हणून जाणीव महत्त्वाची. प्रजननसंस्था शिकवताना आपण एवढे जरूर सांगू या: अशी नवी तक्रार दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर ‘गॅसेस असतील’ म्हणून आईने किंवा आजीने ती अंगावर काढू नये. लक्षण म्हणजे निदान नव्हे. पण डॉक्टरांकडे जायला तेवढे कारण पुरेसे आहे.