इंजिन तापणे (जुन्या डिझेल व्हॅनमधील निदान)

इंजिनात तयार होणारी उष्णता शीतन व्यवस्थेला बाहेर टाकता न आल्यास तापमान सुरक्षित मर्यादेपलीकडे जाते. यालाच इंजिन तापणे म्हणतात. मध्य प्रदेशातील पीथमपूरमध्ये बनलेल्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीज-बेंझच्या ओएम 616 घराण्यातील चार सिलिंडरचे डिझेल इंजिन असे. पुढील वर्णन अशा इंजिनांना लागू आहे.

कार्य : पाण्याचा पंप कूलंट इंजिनात फिरवतो. साधारण 80° से.ला थर्मोस्टॅट उघडू लागतो आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जाते. रेडिएटरचे झाकण दाब राखून कूलंटचा उत्कलनबिंदू वाढवते. त्यामुळे झाकणाचे रबर झिजले तरी कूलंट लवकर उकळते.

लक्षणे व कारणे : इंजिन केव्हा तापते, हा निदानातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापले आणि रेडिएटरचा वरचा होज थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याची शक्यता असते. उभ्या गाडीत डिझेल इंजिन फार कमी इंधन जाळते. तरीही ते रहदारीत तापत असेल, तर पंखा, त्याचा पट्टा किंवा व्हिस्कस कपलिंग तपासावे. फक्त घाटात किंवा भरधाव वेगात तापणे हे क्षार साचून चोंदलेल्या रेडिएटरचे किंवा झिजलेल्या पंपाचे लक्षण आहे. इंधनपंपाचे टायमिंग चुकणे, नोझल गळणे किंवा ब्रेक घासत राहणे यांमुळेही उष्णता वाढते.

थंड इंजिन सुरू करताच होज टणक होणे, रेडिएटरात सतत बुडबुडे येणे, गळती न दिसता कूलंट घटणे किंवा ऑइल दुधाळ होणे, ही हेड गॅस्केट फुटल्याची किंवा हेडला तडा गेल्याची चिन्हे आहेत.

तपासणीचा क्रम : प्रथम थंड इंजिनात कूलंटची पातळी, मग गळती, झाकण, पट्टा, थर्मोस्टॅट, रेडिएटर व पंप पाहावेत. गाडीतील तापमानाच्या काट्यावर विसंबण्याआधी वेगळ्या तापमापकाने पडताळा घ्यावा. गॅस्केट फुटल्याची ठोस चिन्हे नसताना हेड उघडणे म्हणजे मालकाला विनाकारण खर्चात पाडणे होय.

दक्षता : तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, दाबाखालची वाफ उसळून गंभीर भाजते. कूलंट कमी झालेल्या तप्त इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. कूलंट उकळू लागल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि पूर्ण निवू द्यावे.