विंगलेस (प्रथिन)

विंगलेस हे कीटकांच्या वाढत्या भ्रूणात शरीराची आखणी ठरवणारे संकेतवाहक प्रथिन आहे. ते एका पेशीतून स्रवते आणि आसपासच्या पेशींनी कोणते रूप घ्यावे, हे ठरवण्यात भाग घेते. त्याचा सर्वाधिक अभ्यास ड्रॉसोफिला मेलानोगास्टर या फळमाशीत झाला आहे. माणसासह बहुतेक सर्व प्राण्यांत आढळणाऱ्या विंट प्रथिनकुलाचे ते सदस्य आहे.

शोध

नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेतील आर. पी. शर्मा यांनी १९७३ मध्ये या जनुकातील पहिल्या उत्परिवर्तनाची नोंद केली. अशा काही माश्यांना एक किंवा दोन्ही पंख नसत. त्यावरून जनुकाला ‘विंगलेस’ म्हणजे ‘पंखहीन’ हे नाव मिळाले. या माश्या जगत असल्याने जनुकाचे भ्रूणातील कार्य त्या वेळी लक्षात आले नाही. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांच्या १९८० मधील संशोधनात ते शरीरखंडांची घडण ठरवणाऱ्या जनुकांपैकी एक असल्याचे दिसले.

१९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांना उंदरांच्या स्तनकर्करोगात ‘इंट-१’ हे जनुक सापडले होते. माशीतील विंगलेस हे त्याचेच समरूप असल्याचे १९८७ मध्ये सिद्ध झाले. ‘विंट’ हे नाव या दोन नावांच्या संयोगातून बनले आहे.

संकेतवहन

विंगलेसच्या रेणूला पेशीच्या आत पॉर्क्युपाइन हे विकर एक मेदाम्ल जोडते. त्यानंतर विंटलेस हे प्रथिन त्याला पेशीपृष्ठापर्यंत नेते. संकेत मिळत नसताना ग्राहक पेशीतील आर्माडिलो हे प्रथिन ऍक्झिन, एपीसी आणि शॅगी यांच्या संकुलामुळे सतत नष्ट होत असते. विंगलेस हे फ्रिझल्ड व ॲरो या पृष्ठभागावरील ग्राहींना जोडले गेले की हा नाश थांबतो. साठलेले आर्माडिलो पेशीकेंद्रकात जाऊन विशिष्ट जनुके कार्यान्वित करते.

भ्रूणातील कार्य

भ्रूणाच्या प्रत्येक खंडात पेशींची एक अरुंद ओळ विंगलेस तयार करते. तिच्या लगतची मागची ओळ हेजहॉग हे दुसरे संकेतप्रथिन स्रवते. दोन्ही ओळी एकमेकींचे कार्य टिकवून ठेवतात आणि त्यामुळे खंडांच्या सीमा पक्क्या होतात. सामान्य अळीच्या पोटावर सूक्ष्म काट्यांचे पट्टे आणि मधे गुळगुळीत त्वचा असते. विंगलेस पूर्णपणे नसल्यास गुळगुळीत भाग तयार होत नाही; सारे पोट काट्यांनी भरते आणि भ्रूण अंड्यातच मरतो.

पंख आणि मॉर्फोजेनविषयक वाद

अळीच्या शरीरातील पंखाच्या मूळ ऊतीत विंगलेस प्रथम पंखाचे क्षेत्र निश्चित करते. नंतर ते पंखाच्या भावी कडेवर एका ओळीत तयार होते. तेथून ते दूरवर पसरते आणि पेशी त्याच्या कमीअधिक प्रमाणानुसार वेगवेगळा प्रतिसाद देतात, असे दीर्घकाळ मानले जात होते. अशा पदार्थाला मॉर्फोजेन म्हणतात. २०१४ मध्ये मात्र पेशीपटलाला बांधून ठेवलेले, पसरू न शकणारे विंगलेस असलेल्या माश्यांतही जवळपास सामान्य पंख तयार झाल्याचे दिसले. त्यामुळे पंखाच्या आखणीसाठी त्याचे दूरवर पसरणे कितपत आवश्यक आहे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

वैद्यकीय महत्त्व

आर्माडिलोचे मानवी समरूप बीटा-कॅटेनिन होय. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत एपीसी जनुक बिघडलेले असते. परिणामी बीटा-कॅटेनिन नष्ट होत नाही आणि बाहेरून संकेत नसतानाही पेशींची वाढ चालू राहते.